जुना स्क्रोल सॉ: दहा-अकरा महिने वापरल्यावर (थरथरीसाठी काय काय केलं ते सगळं)

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आसपास पुण्यातल्या जुन्या बाजारातून हा स्क्रोल सॉ (बारीक पातं वरखाली करून लाकडात नक्षी कापायचं मशीन) उचलला. १६ इंची, पॅरलल आर्म (पातं धरणारे वर-खाली दोन समांतर दांडे), बीडाचा बेस, डायलवर मिनिटाला ४०० ते १६०० स्ट्रोकचा स्पीड (पातं एकदा वरखाली म्हणजे एक स्ट्रोक), कंपनीचा स्टिकर केव्हाच गेलेला आणि खाली पत्र्याचं चार पायांचं स्टँड. साडेसहा म्हणाला, साडेपाच हजाराला दिला. चालवून पण दाखवला, पण मातीत ठेवून, आणि मातीत पाय रुतलेलं मशीन शहाण्या मुलासारखं वागतं हे मला तेव्हा कुठे माहीत. घरी बाल्कनीत लावला, डायल अर्ध्यावर नेला आणि मशीन चालायला लागलं. म्हणजे खरंच चालायला लागलं, पाण्याच्या जाळीच्या दिशेने.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "अरे बाळा, आमच्या मांडणीतली भांडी वाजतायत, तू वर करतोस तरी काय?" त्यांना चहा दिला, मशीन दाखवलं, त्या म्हणाल्या छान आहे हो पण दुपारी दोन ते चार नको.

आधी थोडं सांगतो, कारण मी पण हे उशिरा समजून घेतलं. स्क्रोल सॉ थोडाफार हलणारच. १२०० स्ट्रोकला दोन्ही आर्म मिनिटाला २४०० वेळा थांबून उलटे फिरतात, आणि स्पीड दुप्पट केला की हादरा दुप्पट नाही, चौपट होतो. त्यामुळे ६०० ला सज्जन वाटणारं मशीन १२०० ला अंगात आल्यासारखं करतं यात नवल नाही. पण माझं ७०० लाच हाताला झिणझिण्या आणत होतं, रेघेवर पातं ठेवलं तर रेघच दोन दिसायची.

आणि मी पहिलं काय केलं तर जे सगळे करतात ते, ऑनलाइन जाऊन वॉशिंग मशीनखाली घालायची रबरी पॅडं मागवली. चारशे रुपये पाण्यात. उलट वाढलं की हो! कारण हलक्या पत्र्याच्या स्टँडला मऊ रबर दिलं की ते डोलायला मोकळं. जुन्या स्कूटरचा आरसा आठवा, एका ठरावीक स्पीडला त्यात मागचं काहीच दिसत नाही आणि थोडं पुढे मागे केलं की परत दिसतं. तसा या स्टँडचा पण एक स्पीड होता, तो रबराने खाली सरकला आणि नेमका मी जिथे काम करतो तिथे येऊन बसला.

मग एका रविवारी चिडून खाली वाकून नीट बघितलं तर एक पाय जमिनीला टेकतच नव्हता. बाल्कनीला पाणी जायला उतार असतो ना, तो. आम्ही त्याच फरशीवर दोन महिने मशीनला शिव्या घालत होतो. स्टँडचे जोडबोल्ट पण हाताने फिरतील इतके ढिले. सगळे काढून स्प्रिंग वॉशर घालून परत आवळले, पायाखाली पुठ्ठ्याची घडी दिली, निम्मी थरथर तिथेच गेली. फुकटात. जुनं मशीन घेतलं असेल तर पाना हातात घेऊन आधी हेच करा, बाकी सगळं नंतर.

पुठ्ठा काही कायमचा इलाज नव्हता, दोन आठवड्यांत दबला. म्हणून ते स्टँड भंगारात घातलं आणि ग्रिलवाल्याकडून लोखंडी अँगलची फ्रेम करून घेतली, पायांना लेव्हल करायला बोल्ट, वर १८ मिमीचे दोन प्लाय चिकटवून, आणि त्यावर कडप्पा. किचनचा ओटा बदलला तेव्हाचा तुकडा सोसायटीच्या गच्चीवर पडून होता, दोन फूट बाय दीड फूट, वीस-बावीस किलो तरी भरेल. त्याला भोकं पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा आणि पाणी सोडत राहा, मी पहिल्या भोकाला हॅमर चालू ठेवला आणि एक कोपरा बिस्किटासारखा हातात आला. बेस, कडप्पा, प्लाय असे चारही बोल्ट आरपार घेतले. खालच्या फळीवर वाळूच्या दोन गोण्या. आणि रबर आता फ्रेमच्या पायाखाली, मऊ पॅड नाही, कन्व्हेअर बेल्टचे कडक तुकडे, ते पण जुन्या बाजारातलेच. मशीन आणि टेबल यांच्यामध्ये मात्र काहीही मऊ नाही. एवढ्यावर काकूंची भांडी वाजायची थांबली.

आता मशीनच्या आतलं. टेबल घट्ट झाल्यावर खरी खोड ऐकू यायला लागली, आधी सगळ्या गदारोळात ती लपलेली होती. प्लग काढून वरच्या आर्मचं टोक धरून आडवं हलवलं तर चक्क तीन मिमी खेळ, म्हणजे ढिलेपणा. आता हा खेळ पिव्होटचा (आर्म ज्यावर वरखाली हलतो तो सांधा) की आणखी कशाचा, आणि मोटर स्वतः निर्दोष आहे का, हे कळायला मी मोटर आणि आर्म जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची पिन काढून नुसती मोटर चालवली. कडप्प्यावर पाच रुपयाचं जाडं नाणं उभं ठेवलं, मोटर फुल स्पीडला आणि नाणं जागचं हललं नाही. म्हणजे मोटर सुटली, आरोपी आर्म. (नुसतं पातं काढून मशीन चालवून बघू नका, दोन्ही आर्मना पात्यानेच पुढून बांधलेलं असतं, ते नसेल तर वरचा आर्म कुठेही आपटेल.)

इथे माझा मूर्खपणा. पिव्होटचे बुश (शाफ्टभोवतीच्या छोट्या नळ्या) झिजलेत हे दिसत असून मी पिव्होटचा नट जोर लावून आवळला. खेळ गेला! पंधरा मिनिटं काय सुंदर चाललं, मग मोटर घुमायला लागली, स्पीड पडला, पिव्होटला बोट लावलं तर चटका. तेव्हा कुठे मुकाट्याने सगळं खोललं. शाफ्टवर नखाला लागेल अशी चर पडलेली आणि बुश गोल राहिलेच नव्हते, भोपळ्याच्या बीसारखे लांबट झाले होते. भोसरीला एका लेथवाल्याकडे गेलो, तो एवढंसं काम बघून आधी "नंतर या" म्हणाला, मग आर्म हातात घेऊन हलवून बघितला आणि त्याचाच इंटरेस्ट वाढला. शाफ्ट पॉलिश करून त्या मापाचे गनमेटलचे चार बुश करून दिले, वरून तेलासाठी बारीक भोक पण पाडलं, ते मी सांगितलं नव्हतं. बाराशे रुपये. पूर्ण खर्चातले हे सगळ्यात सार्थकी लागलेले. नायलॉक नट (आपोआप ढिला न होणारा) टाकला, खेळ जाईपर्यंत आवळायचा आणि मग थोडासा मागे घ्यायचा, आर्म स्वतःच्या वजनाने अलगद खाली आला पाहिजे. दर आठवड्याला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब.

यानंतर जी किरकिर राहिली ती पात्याची. खालच्या क्लॅम्पचा स्क्रू झिजून पातं तिरकं पकडत होता, छोटा गुण्या लावला तेव्हा दिसलं. स्क्रू बदलला, वीस रुपये. पात्याचा ताण मी कानाने बघतो, नखाने छेडलं तर टणकन वाजलं पाहिजे, थप्प आवाज आला तर कमी आहे. आणि प्लायच उड्या मारत असेल तर ती मशीनची थरथर नाही, प्लाय दाबून धरणारी पट्टी खाली घ्या नाहीतर बारीक दाताचं पातं लावा. या दोन गोष्टींत लोक फार गल्लत करतात, मी पण केली.

कामाचं बोलायचं तर मी मुख्यतः नावाच्या पाट्या करतो. मराठी अक्षरांचं एक बरं असतं, शिरोरेषेमुळे अख्खं आडनाव एका तुकड्यात निघतं, फक्त अनुस्वार वेगळा कापून चिकटवायचा. पण वाईट पण तेच, 'क्ष' नाहीतर 'ज्ञ' च्या पोटातली नक्षी कापताना बाकी सगळं त्या एका पट्टीला लोंबकळत असतं आणि जरा हादरा बसला की तुकडा. आधी 'क्षीरसागर' तीन वेळा मोडलं होतं. बुश बदलल्यावर पहिल्या फटक्यात निघालं, आणि 'व', 'ब' च्या आतल्या गोलांना पॉलिशपेपर पण फारसा लागला नाही. यंदा गणपतीला सहा मिमी प्लायची मखर केली, २०१८ ला थर्मोकोल बंद झाल्यापासून प्लायच्या मखरींना मागणी आहे. एकाच जाळीत दीडशेच्या वर भोकं, म्हणजे दीडशे वेळा पातं सोडून परत ओवायचं. दोन रात्री सलग काम, हात बधिर झाला नाही.

सगळं गेलं का? नाही. १३०० च्या पुढे नाणं अजून पडतं आणि पातं थोडं पुढे मागे जातंच, ते या डिझाइनचं आहे, त्याला बुश काय करणार. मी ९०० च्या वर जातच नाही. मशीन साडेपाच आणि वर फ्रेम, बुश, पात्यांसकट पाच-सहा हजार, म्हणजे साडेदहा ते साडेअकरा हजाराला पडलं. त्या पैशात नवीन हलकं मशीन येतं हे मला माहीत आहे, कुणी सांगू नका. पण ते बीडाचं नसतं.

एक राहिलं, या सगळ्या हादऱ्यांत भुसा उडवायची हवेची नळी आणि तिचा रबरी भाता दोन्ही चिरले. स्पेअर मिळत नाही. सध्या फिश टँकचा छोटा पंप लावलाय, रेघ दिसण्यापुरती हवा येते, आवाज मात्र बारीक गुणगुण चालू असते, ती काकूंपर्यंत जात नाही.