दोन तुकड्यांची गॅरंड आणि माझे १,६३५ डॉलर

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लष्कराच्या एम-वन गॅरंड रायफलचे १,४७५. पाठवणावळ ४५. पोस्टाची मनी ऑर्डर एका वेळी हजारापर्यंतच निघते, म्हणून एक हजाराची आणि दुसरी ५२० ची काढली. दुसऱ्या राज्यातली रायफल परवानाधारक डीलरमार्फतच हाती येते, त्याची ट्रान्सफर फी ४०. गनस्मिथचे, म्हणजे बंदूक तपासणाऱ्या कारागिराचे, ७५. एकूण १,६३५ डॉलर. घरी मी अकराशे सांगितले होते, ते निस्तरायचं अजून बाकी आहे.

‘सीएमपीकडूनच का नाही घेतलीस?’ हा प्रश्न कृपा करून कोणी विचारू नका. सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम लष्कराच्या जुन्या एम-वन गॅरंड विकतो, रायफली तपासून, प्रतवारी लावून विकतो, सगळं खरं. पण विकतो फक्त अमेरिकन नागरिकांना. मी ग्रीनकार्डवर आहे. डीलरमार्फत रायफल घ्यायला कायद्याची ना नाही, पण तो दरवाजा मात्र बंद. मग आपल्यासारख्यांनी जायचं कुठे? ऑनलाइन जाहिरातींकडे. आणि ही गरज तिथल्या भामट्यांना पक्की ठाऊक असते.

मला शोभेची वस्तू नको होती. गॅरंडच्या मॅचला उतरायचं होतं: दोनशे यार्ड, दुर्बीण नाही, मूळच्या लोखंडी साइट्स, दहा गोळ्या पालथं पडून सावकाश, दहा ऐंशी सेकंदांत, दहा उभ्याने. उसन्या रायफलीवर किती दिवस काढणार?

आता ज्या गोष्टीने माझी अजून झोप उडते ती. गॅरंडचा सीरियल नंबर रिसिव्हरच्या (रायफलीचा मुख्य सांगाडा, ज्यात बोल्ट बसतो) मागच्या टाचेवर असतो, तो सगळेच बघतात. दुसरा एक क्रमांक असतो, ड्रॉइंग नंबर, म्हणजे रिसिव्हर ज्या आराखड्यावरून बनवला त्याचा क्रमांक. तो रिसिव्हरच्या उजव्या बाजूला पुढे, आणि ऑपरेटिंग रॉड (बोल्ट मागेपुढे नेणारी दांडी) मागे ओढल्याशिवाय दिसत नाही. मी विकणाऱ्याकडे त्याचा फोटो लेखी मागितला होता. म्हणजे मला काहीच कळत नव्हतं असं कोणी म्हणू नये. उत्तरात काय आलं? टाचेचाच फोटो पुन्हा, वेगळ्या उजेडात. सोबत लाकडावरच्या शिक्क्याचा एक, आणि आजोबांनी ही रायफल कशी जिवापाड जपली याची लांबलचक कहाणी. मी परत विचारलं. तर म्हणे दुसरा एक गिऱ्हाईक पंधराशे द्यायला तयार बसलाय, तुमचं काय ते आज सांगा.

तिथेच थांबायला हवं होतं, हे आता रेंजवरचा प्रत्येक जण मला शिकवतो. पण सांगा, त्याच्या खात्यावर एकही वाईट शेरा नव्हता, मनी ऑर्डर मागणं या बाजारात नेहमीचं, रायफल रीतसर डीलरकडे येणार होती. संशय घ्यायचा तरी कशाचा? मागितलेला फोटो सोडून भलताच फोटो आला की बोलणं संपवा. एवढं एकच तेव्हा कोणी सांगायला हवं होतं.

डीलरकडे बंदूक खरेदीचा सरकारी ४४७३ चा फॉर्म भरला, पार्श्वभूमी तपासणी झाली, रायफल घेतली आणि थेट रेंजवर गेलो. पहिलीच क्लिप झाडली. शेजारच्या पॉइंटवरच्या म्हाताऱ्याने जमिनीवरचं रिकामं काडतूस उचललं, नखाने बुडाजवळची चकचकीत रेघ दाखवली आणि दुसरी क्लिप भरू दिली नाही. पितळ तिथे ताणलं गेलं होतं. आणखी थोडं ताणलं असतं तर काडतूस तिथूनच दुभंगलं असतं. गनस्मिथकडे फील्ड गेज (काडतूस बसतं ती जागा प्रमाणाबाहेर सैल आहे का हे बघायचं माप) घातल्यावरही काडतुसामागे बंद होणारा बोल्ट सरळ बंद झाला, जो होता कामा नये. मग त्याने रॉड मागे ओढला. सीरियल नंबर युद्धकाळातला आणि ड्रॉइंग नंबर ६५२८२९१, म्हणजे युद्धानंतरचा. रिसिव्हरचा पुढचा अर्धा एका रायफलीचा, मागचा दुसरीचा. मधल्या पट्ट्यात पार्करायझिंगचा (पोलादावरच्या गंजरोधक लेपाचा) रंग वेगळा, भिंगाखाली वेल्डिंगची बारीक छिद्रं.

सरकारने गॅसकटरने कापून भंगारात काढलेले रिसिव्हर पन्नास-साठच्या दशकांत काहींनी जोडून विकले, त्यातलाच हा. जोडताना पोलादाचं पाणी उतरतं. आणि थर्टी-ऑट-सिक्सचा, म्हणजे गॅरंडच्या काडतुसाचा, दाब पन्नास हजार पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) आसपास, तोही माझ्या गालापासून वीतभर अंतरावर!

विकणाऱ्याचं उत्तर दोन ओळींचं. तीन दिवसांत परत घेतो, पण गोळी झाडली असेल तर नाही. अहो, झाडल्याशिवाय कळणार कसं? (कळतं. आधी गनस्मिथ, मग रेंज. त्याचे ७५ डॉलर पहिल्याच दिवशी खर्च करा.)

जाहिरातीची वेबसाइट म्हणते, ‘आहे त्या स्थितीत’ असं लिहिलं होतं. डीलर म्हणतो, आम्ही फक्त कागद बघतो, नंबर जुळला की आमचं काम संपलं. पोलिसांकडे गेलो तर काउंटरवरच्या साहेबांनी विचारलं, रायफल मिळाली ना? मिळाली. मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला. मी चमकणाऱ्या रेघेचं काडतूस पुढे केलं, तर दारूगोळा आत का आणला म्हणून मलाच झापलं! रिकाम्या पितळाला दारूगोळा म्हणणाऱ्या माणसाला ड्रॉइंग नंबर काय समजावणार? ग्राहक तक्रारीच्या सरकारी फॉर्ममध्ये ‘वस्तू मिळाली नाही’ आणि ‘वस्तू मोडकी निघाली’ एवढेच पर्याय. दुसरा निवडला, तर उत्पादकाशी संपर्क साधा असं आपोआप उत्तर आलं. ज्या रायफलीचे दोन अर्धे वेगवेगळे, तिचा उत्पादक कोण? लहान दाव्यांच्या कोर्टात जा म्हणतात, पण विकणारा दुसऱ्या राज्यात. दावा तिथे, तारखा तिथे, विमानाचं भाडं माझं.

मनी ऑर्डरच्या पावत्या आणि पाकिटावरचा शिक्का जपून ठेवा. टपालातून पैसे गेले असतील तर टपाल फसवणुकीचा वेगळा कायदा लागू होतो, हे मला काउंटरवरच्या कोणी सांगितलं नाही. संभाषण फोनवर नेऊ नका, लेखीच ठेवा.

बॅरल, ट्रिगर आणि लाकूड विकून ५८० आले. म्हणजे १,०५५ डॉलर बुडाले. उरला रिसिव्हर. तो पुन्हा कोणाला जोडता येणार नाही असा कापून टाकायला मी निघालो होतो, तर वकील म्हणाला, थांबा, तो पुरावा आहे. पोलिसांना फोन करून विचारलं की पुरावा कधी बघायला येताय. त्यांनी पुन्हा विचारलं, रायफल मिळाली ना?