ताण कमी करू, वनौषधी घेऊ की आधी तपासण्या करू?

“अगं, नोकरी सोडू की अश्वगंधा सुरू करू?” एका मैत्रिणीने फोनवर असं थेट विचारलं. बाळासाठी दीड वर्ष प्रयत्न चालू होते. काम फिरत्या शिफ्टचं, महिन्यातल्या दहा-बारा रात्री जागून काढायच्या. ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच सल्ला, टेन्शन घेऊ नकोस, आपोआप होईल. मी तिला उलट विचारलं, “तुझी पाळी किती दिवसांनी येते?” तिने मोबाइलमधलं ॲप उघडलं आणि मागचे चार आकडे वाचून दाखवले. ३४, ४७, ३९, ५२.

तिच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या चार आकड्यांतच होतं. याच पेचात असलेल्या प्रत्येकीने निवड करायच्या आधी स्वतःचे असे आकडे समोर ठेवावेत, असं मला मनापासून वाटतं. पाळी साधारण २१ ते ३५ दिवसांत नेमाने येत असेल तर एक निर्णय, आणि पुढेमागे होत असेल किंवा थांबलीच असेल तर दुसरा.

ताण नेमकं काय करतो

मेंदूत हायपोथॅलॅमस नावाची छोटीशी जागा आहे. तिथून ठरलेल्या लयीत एका संप्रेरकाचे ठोके पिट्युटरी ग्रंथीकडे जातात आणि त्यावर बीजांडकोशाचं सगळं काम चालतं. खूप दिवसांचा ताण, अपुरं खाणं, अति व्यायाम यांनी हे ठोके मंदावतात. मग स्त्रीबीज उशिरा सुटतं किंवा सुटतच नाही आणि पाळी लांबते. पाळी पूर्ण थांबली तर डॉक्टर त्याला फंक्शनल हायपोथॅलॅमिक अमेनोरिया म्हणतात. इथे ताणावरचा उपाय हाच खरा उपचार असू शकतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात अशा १६ स्त्रिया होत्या. आठजणींना २० आठवडे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन दिलं आणि आठजणींवर नुसतं लक्ष ठेवलं. समुपदेशन घेतलेल्या सहाजणींचं स्त्रीबीज पुन्हा सुटू लागलं, तर दुसऱ्या गटात फक्त एकीचं. गट अगदी लहान होता, पण फरक डोळ्यांत भरणारा आहे.

पाळी नियमित असेल तर मात्र ताणावर खापर फोडायला आधार तोकडा पडतो. अमेरिकेतल्या ५०१ जोडप्यांच्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. ज्यांच्या लाळेत अल्फा-अमायलेज हे ताणाशी जोडलेलं द्रव्य सर्वांत जास्त होतं, त्यांची गर्भ राहण्याची शक्यता २९ टक्क्यांनी कमी दिसली. पण त्याच पाहणीत कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाशी असा काही संबंध सापडला नाही. आयव्हीएफसारखे उपचार घेणाऱ्यांबद्दल तर २०११ साली १४ अभ्यासांचा, ३,५८३ स्त्रियांचा एकत्रित आढावा निघाला होता. उपचाराआधीच्या मानसिक त्रासाचा आणि उपचाराच्या यशाचा संबंध त्यात आढळला नाही. “तूच टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही” हे वाक्य ज्यांना रोज ऐकावं लागतं, त्यांनी ही ओळ पुन्हा एकदा वाचावी. दोष तुमचा नाही.

मग नोकरी सोडायची का? माझं मत स्पष्ट आहे. सोडण्याआधी कामातलं काय बोचतंय ते वेगळं काढा. रात्रपाळीचा पाळीच्या अनियमिततेशी संबंध अनेक पाहण्यांत दिसला आहे. वंध्यत्वाचे उपचार घेणाऱ्या स्त्रियांच्या २०१७ च्या एका अभ्यासात, ज्यांना कामावर जड ओझी उचलावी लागत किंवा ज्यांची शिफ्ट दिवसाची नव्हती, त्यांच्यात परिपक्व स्त्रीबीजं कमी मिळाली. तेव्हा शिफ्ट बदलून मागणं, ओझ्याचं काम टाळणं, झोपेची वेळ पक्की करणं हे राजीनाम्याच्या आधीचं पाऊल. राजीनामा दिला की उत्पन्न थांबतं, आणि पुढे उपचारांची वेळ आलीच तर तीच चिंता दुप्पट होऊन परत येते.

वनौषधींच्या बाजूने आणि विरोधात

अश्वगंधेपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त विचारणा तिचीच होते. ताणावर तिचा उपयोग होतो याला थोडाफार पुरावा आहे. २०१२ च्या एका चाचणीत ६४ जणांपैकी निम्म्यांना ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, असा ६० दिवस दिला. त्यांचं रक्तातलं कॉर्टिसॉल सुमारे २८ टक्क्यांनी उतरलं आणि ताणही कमी झाला. पण तिथे ताण मोजला होता, गर्भ राहिला की नाही हे कुणी पाहिलं नव्हतं. जाहिराती ही दरी उडी मारून पार करतात. कॉर्टिसॉल उतरलं, म्हणजे पाळी सुधारली, म्हणजे बाळ होणार! यातली पहिली पायरी मोजलेली आहे, पुढच्या दोन मनाने जोडलेल्या आहेत.

धोक्याची बाजूही सांगायलाच हवी. अश्वगंधेने थायरॉइडची संप्रेरकं वाढू शकतात, आणि यकृताला इजा झाल्याची काही प्रकरणं नोंदली गेली आहेत. गरोदरपणात ती घेऊ नये असंच सांगितलं जातं. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ज्या बाईचे बाळासाठी प्रयत्न चालू आहेत तिची अडचण अशी, की स्त्रीबीज सुटल्यापासून पाळी चुकेपर्यंतचे दोन आठवडे गर्भ राहिलाय की नाही हे तिलाही माहीत नसतं. गोळी मात्र रोज चालूच असते.

शतावरीला परंपरेत मोठा मान आहे. तिने गर्भधारणा वाढते असं दाखवणाऱ्या मोठ्या, नीट आखलेल्या चाचण्या मात्र नाहीत. परदेशी गोळ्यांत व्हायटेक्स ॲग्नस-कॅस्टस ही वनस्पती असते. ती प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करायला लावणारं संप्रेरक, उतरवते, त्यामुळे ज्यांचं प्रोलॅक्टिन थोडं वाढलेलं आहे त्यांच्या बाबतीत तिला काही तर्क आहे. पण आयव्हीएफच्या इंजेक्शनांसोबत ती घेऊ नये. आपली निर्गुंडी याच कुळातली, तरी वेगळी वनस्पती आहे. एकीचे गुण दुसरीच्या नावावर खपवलेले दिसतात, तेव्हा सावध राहा. ज्येष्ठमध जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. “औषधीच तर आहे” म्हणून तोही रोज चघळत बसू नये.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती बाटलीत नेमकं काय आहे याची. २००८ च्या एका तपासणीत इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसं वाढलेलं आढळलं, त्याचा संबंध त्यांनी घेतलेल्या आयुर्वेदिक औषधांशी होता. शिसं हाडांत साठतं आणि गरोदरपणात तिथून सुटून बाळापर्यंत पोचतं. म्हणून लेबलवर भस्म किंवा धातूचा उल्लेख असेल, घटक अर्धवट लिहिले असतील किंवा “गुप्त फॉर्म्युला” असेल, तर ती बाटली परत ठेवा.

तपासण्या

इथे फार समजावण्यासारखं काही नाही, वेळेवर जाणं हेच मोठं काम. वय ३५ च्या आत असेल तर एक वर्ष प्रयत्न करून, ३५ नंतर सहा महिन्यांनी, चाळिशीत लगेच. पाळी अनियमित असेल तर वय कितीही असो, थांबू नका. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी आणि स्त्रीबीज सुटतंय का हे बघायला प्रोजेस्टेरॉन. प्रोजेस्टेरॉन सरसकट २१ व्या दिवशी तपासून चालत नाही, ते पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी बघावं लागतं. लांब पाळीच्या बायकांचा रिपोर्ट याच चुकीने उगाच वाईट येतो. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्या आठवड्यातच. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडच्या कारणाचाही वाटा असतो. बाईने वर्षभर काढे प्यायचे आणि ही साधी तपासणी राहून जायची, हे पाहिलं की जीव तुटतो.

कारण सापडलं की उपचाराला आकडे असतात. उदाहरणार्थ पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडाने स्त्रीबीज नेमाने न सुटण्याचा त्रास. २०१४ च्या ७५० स्त्रियांच्या चाचणीत लेट्रोझोल ही स्त्रीबीज सुटायला मदत करणारी गोळी घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना बाळ झालं, त्याच कामाच्या जुन्या क्लोमिफेन गोळीवर १९.१ टक्के. इतक्या भक्कम चाचणीत उतरलेली एकही वनौषधी मी दाखवू शकत नाही.

तुमच्या जागी मी असते तर

वय २८, पाळी नियमित, प्रयत्नांना जेमतेम पाच-सहा महिने. तर मी झोप आणि शिफ्ट सुधारेन, समुपदेशन घेईन आणि तीन महिने बघेन. स्त्रीबीजाची शेवटची वाढ व्हायला जवळपास तेवढाच काळ लागतो, त्याआधी कुठल्याही बदलाचा हिशेब लावू नये. सोबत फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम. त्याने गर्भ राहत नाही, पण बाळाच्या मज्जारज्जूच्या रक्षणासाठी ते गर्भ राहण्याआधीपासूनच हवं.

वय ३७ असेल तर तीन महिने काढ्यावर घालवणार नाही. आधी तपासण्या, ताणाचं काम त्यांच्या बरोबरीने. आणि उपचार सुरू झाले की वनौषधी बंद, किंवा निदान डॉक्टरांना सांगून. डेन्मार्कमध्ये उपचार घेणाऱ्या ७२८ स्त्रियांची पाहणी झाली होती. पूरक औषधोपचार वापरणाऱ्यांत वर्षभरातलं गर्भधारणेचं प्रमाण सुमारे ३० टक्के कमी होतं. जास्त अपयश आलेल्याच तिकडे वळल्या असण्याचीही शक्यता आहे, त्यामुळे दोष औषधांचाच असं म्हणता येणार नाही. फायदा झाल्याचं मात्र त्यातून दिसत नाही.

मैत्रिणीचं विचाराल तर तिचं टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावलं की वाढणारं संप्रेरक, वाढलेलं निघालं. थायरॉइडची गोळी सुरू झाली आणि डॉक्टरांनी अश्वगंधा सुरू करू नकोस असं सांगितलं, नाहीतर गोळीचा डोस ठरवायला घोळ झाला असता. नोकरी तिने सोडली नाही, वरिष्ठांशी बोलून दिवसाची शिफ्ट मागून घेतली. नवऱ्याचा रिपोर्ट ठीक आला. परवा तिने ॲपचा फोटो पाठवला, शेवटचे तीन आकडे ३६, ३३, ३१.