नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातलं जोडाघर (हो, चपला ठेवायच्या जागेचाच रिव्ह्यू)

सचखंड गुरुद्वाऱ्यावर रिव्ह्यू ढिगाने आहेत, लंगरवर पण आहेत, डाळ कशी खीर कशी वगैरे, पण जोडाघरावर कोणी धड लिहिलेलं दिसलं नाही म्हणून मी लिहितोय. जोडाघर म्हणजे चपला-बूट ठेवायची जागा. पैसे नाहीत, टोकन घ्या, येताना परत द्या, संपलं. तरी पाचपैकी पाच स्टार.

आम्ही लातूरहून गाडीने गेलो होतो. देवळाबाहेर टाकायची सवय, तसेच मी बूट पायानेच काउंटरकडे सरकवले. आत एक पांढऱ्या दाढीचे काका, त्यांनी ते वाकून दोन्ही हातांनी उचलले आणि वर मलाच हात जोडले. कसंतरीच झालं राव. नंतर कळलं काका पगारी नाहीत, स्वतःचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, वेळ काढून सेवेला येतात.

शीख लोक अहंकाराला पाच विकारांत धरतात आणि ‘हउमै’ म्हणजे सारखं मी-मी, हा मोठा रोग मानतात. पण नुसतं कीर्तनात सांगून सोडत नाहीत, त्यावर कामच नेमून दिलंय, जोडे सांभाळा, भांडी घासा, झाडू मारा. कोणी चुकलं तर अकाल तख्तावरून (अमृतसरचं शिखांचं सर्वोच्च धर्मपीठ) जी तनखाह म्हणजे शिक्षा लागते तीही बऱ्याचदा हीच, मग समोरचा मंत्री का असेना. खुद्द महाराजा रणजितसिंहांनाही तिथे अपराधी म्हणून उभं राहावं लागलं होतं, आणि नांदेडचं हे सचखंड 1832 ते 1837 मध्ये बांधून घेतलं तेही त्यांनीच.

आपल्याला तरी हे कुठे नवीन आहे म्हणा. आपल्या नामदेवांची 61 पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत, आणि संतांच्या पायाची धूळ लागावी म्हणून पंढरपुरात पायरीखाली गेले तेही हेच नामदेव. आपण त्या पायरीला हात लावतो आणि लगेच व्हीआयपी दर्शनाला कोणाची ओळख निघते का बघतो. मी पण त्यातलाच, लपवत नाही.

तर दुसऱ्या दिवशी विचारून मी पण आत बसलो. जोडी लावायची, फडक्याने धूळ पुसायची, टोकन द्यायचं. काम सोपंय पण घामाचा वास सहन करायला लागतो, आणि लहान पोरांच्या बुटात मोजे कोंबलेले असतात ते पडू द्यायचे नाहीत. पहिली पंधरा मिनिटं वाटत होतं, ओळखीचं कोणी येऊ नये. अर्ध्या तासाने उलटंच, कोणीतरी ओळखीचं यावं आणि आपल्याला इथे बसलेलं बघावं असं वाटायला लागलं! पहिल्यापेक्षा हे जास्त डेंजर, कारण तोपर्यंत मी स्वतःला भलताच नम्र समजायला लागलो होतो. बायकोकडून फोटो काढून घेतला, स्टेटसला टाकला. मग काकांना सांगितलं, “काकाजी, तास झाला बरं का.” ते हसले, अस्सल नांदेडच्या मराठीत म्हणाले, “घड्याळ लावून बसला होता काय?”

जाणाऱ्यांसाठी: डोकं झाकायला रुमाल घरूनच न्या. उन्हाळ्यात फरशी तापते, दुपार टाळा. लंगरमध्ये रोटी वाढायला आले की दोन्ही हात पुढे करून घ्यायची, आणि पंगतीत कोण शेजारी येईल ते येईल, जागा धरून ठेवायची नाही. टोकन जपा, माझं बायकोच्या पर्समध्ये गेलं आणि दहा मिनिटं शोधाशोध.

निघताना बूट घेतले तर पुसून ठेवलेले, लातूरहून घालून निघालो तेव्हा पण एवढे स्वच्छ नव्हते. आणि तो स्टेटस रात्रीपर्यंत 86 जणांनी बघितला, गाडीत दर दहा मिनिटांनी मी मोजत होतो.