पिकअपवरच्या कॅम्परला तळ कसला: मरीन प्लाय, पाइपची फ्रेम की सँडविच?

हायलक्स किंवा व्ही-क्रॉसच्या हौद्यात बसणारा आणि हवा तेव्हा उतरवता येणारा कॅम्पर, म्हणजे राहण्याची छोटी खोली, बांधायला घेतला की सगळं डोकं भिंती, छप्पर आणि खिडक्यांत अडकतं. तळाला 18 एमएम प्लाय टाकला की झालं, असं धरून चालतात. गाडी धावत असते तेव्हा हौद्याचा पत्रा तळाला खालून आधार देतो, त्यामुळे तेव्हा कुठलाही तळ निभावून जातो. कॅम्पर चार जॅकवर उचलून गाडी खालून काढली आणि आत दोन माणसं वावरू लागली, की तोच तळ भिंतींना लटकतो. म्हणून आधी ठरवा: उतरवलेल्या कॅम्परमध्ये राहायचंय, की तो नुसता घराशेजारी उभा करून ठेवायचाय?

नुसता ठेवायचा असेल तर 18 एमएम मरीन प्लाय पुरेसा आहे. प्लायवर आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघून घ्या. आयएस 303 या साध्या प्लायच्या मानकातला एमआर (फक्त ओलावा सोसणारा) ग्रेड कोकणातल्या पावसात टिकणार नाही. पाणी प्लायच्या पृष्ठभागापेक्षा कडांतून आणि स्क्रूच्या भोकांतून शिरतं, तेव्हा प्रत्येक कापलेली कड इपॉक्सीने दोनदा भरून घ्या. व्हील आर्चच्या (चाकांवरच्या, हौद्यात आलेल्या फुगवट्यांच्या) मधला तळ 1.1 बाय 1.5 मीटरचा धरला, तर वजन 20 किलोच्या आसपास. काम गावातला सुतारही करून देईल.

आत राहायचं असेल तर फ्रेम. 40 बाय 40, 2 एमएमचा लोखंडी स्क्वेअर पाइप मीटरला साधारण 2.4 किलो भरतो. चौकट आणि तीन आडवे पाइप मिळून 20 किलो, वर 12 एमएम प्लायचे 13. म्हणजे 33 किलो. पण जॅक, टाय-डाउन (कॅम्पर गाडीला आवळून बांधायचे हूक), भिंत, सगळ्यांना बोल्ट मारायला ठोस जागा मिळते, आणि काही तुटलं तर हायवेवरचा कुठलाही वेल्डर जोडून देतो. माझ्या लेखी हा फार मोठा गुण आहे. गंज मात्र पाइपच्या आतून लागतो. उघडी टोकं पट्टी मारून बंद करा. अॅल्युमिनियमची फ्रेम घेतली तर एकूण वजन पुन्हा 20 किलोवर येतं, पण आर्गन वेल्डिंग करणारा सगळीकडे मिळत नाही, आणि स्टीलचे बोल्ट थेट लावले तर खाऱ्या हवेत भोकाभोवतीचं अॅल्युमिनियम खाल्लं जातं. तिथे नायलॉन वॉशर हवेत. फ्रेमवर लोखंडी चेकर्ड प्लेट (उठावाची नक्षी असलेला जाड पत्रा) टाकायचा मोह टाळा. 3 एमएमची प्लेट एकटीच 40 किलो होते आणि थंडीत तिच्यावर दव धरतं.

तिसरा मार्ग सँडविचचा: खाली-वर 6 एमएम प्लाय, मधे 40 एमएम एक्सपीएस (कडक, दाट फोमची शीट), कडेने लाकडी पट्टी. वजन 20-22 किलो, जवळपास नुसत्या 18 एमएम प्लायइतकंच, पण कागदावर ताठपणा दहापटीहून जास्त, कारण दोन्ही प्लाय एकमेकांपासून लांब गेले. शिवाय लडाख-स्पितीच्या रात्री पायाखालची थंडी अडते. बदल्यात डोक्यावरची साडेतीन सेंटिमीटर उंची जाते.

इथे सगळी भिस्त चिकटवण्यावर आहे. सुताराच्या हाताशी असलेला सॉल्व्हंटवाला काँटॅक्ट गोंद एक्सपीएसला अक्षरशः विरघळवतो. पीयू (पॉलियुरेथेन) गोंद किंवा इपॉक्सीच वापरा, आणि पाण्याचे कॅन किंवा सिमेंटच्या गोण्या सगळीकडे सारख्या मांडून रात्रभर दाब द्या. एक्सपीएसऐवजी पॅकिंगचं थर्माकोल घेऊ नका, ते चेपतं. जिथे बोल्ट येणार तिथला फोम काढून लाकडाचा ठोकळा बसवा. नाहीतर बोल्ट आवळताना प्लाय आत दबेल.

माझा कौल: जॅकवर राहणार असाल आणि काम फॅब्रिकेटरकडून करून घेणार असाल तर लोखंडी फ्रेम, स्वतः वेळ देऊन करणार असाल आणि गाडीच्या वजनमर्यादेत किलो-किलो मोजावा लागत असेल तर सँडविच.

तिन्हींत भिंत-तळ जोडाला अँगल लावून आरपार बोल्ट आणि मोठे वॉशर हवेत. प्लायच्या कडेत मारलेले स्क्रू वजन लटकलं की निसटतात. खाली रबर मॅट टाका, नाहीतर ब्रेक मारताना कॅम्पर पुढे सरकेल. आणि माप हौद्यात सर्वांत अरुंद जागी घ्या, त्यातून दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन सेंटिमीटर सोडा; जॅकवरच्या कॅम्परखाली गाडी रिव्हर्स घालताना तेवढी जागा लागतेच.