तक्रार कुठे जावी: कंपनीतल्या पेटीत की बाहेरच्या हेल्पलाइनवर?

घोटाळा बाहेर आला की संचालक बदलतात, ऑडिटर बदलतो आणि व्हिसलब्लोअर पॉलिसी, म्हणजे गैरप्रकार सांगणाऱ्याची तक्रार कशी घ्यायची याचे नियम, नव्याने लिहिली जाते. अशी सोय ठेवण्याची कंपनी कायद्याच्या कलम १७७ची सक्ती फक्त सूचीबद्ध कंपन्यांना नाही. बँकांचं कर्ज ५० कोटींच्या वर गेलं की चाकणची प्रायव्हेट लिमिटेडही त्यात येते. मग ठरवायचं ते इतकंच, की तक्रार घ्यायची कुणी.

कंपनीतच सोय केली तर खर्च नाही, आणि शॉपफ्लोअरची बोली कळते. ‘स्क्रॅपची गाडी काट्यावर भरलेलीच येते’ म्हटलं की स्टोअर्समधल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही: रिकाम्या गाडीचं वजन फुगवून भंगार कमी दाखवलं जातंय. पण मेल कंपनीच्याच सर्व्हरवर, अॅडमिनचे अधिकार आयटीकडे, आणि आयटी बऱ्याच ठिकाणी सीएफओच्या, म्हणजे वित्तप्रमुखाच्या, हाताखाली. पेटी गेटजवळ, नेमकी कॅमेऱ्यासमोर.

हे सगळं एकवेळ सुधारता येईल. माझं मत फिरलं ते दुसऱ्याच कटकटीमुळे: निनावी चिठ्ठीला उलटा प्रश्न विचारता येत नाही. ‘खरेदीत कमिशन चालतं.’ कोणता व्हेंडर? कोणती पीओ (खरेदीची ऑर्डर)? कधीपासून? विचारणार कुणाला! मग ‘पुरावा नाही’ असा शेरा पडतो, फाइल बंद होते, आणि चौकशी सुरू होते ती अक्षर कुणाचं याची. बाहेरच्या बऱ्या पोर्टलवर तक्रारदाराला केस नंबर आणि पासवर्ड मिळतो. नाव न सांगता तो परत येतो, प्रश्न वाचतो, मालाच्या डिलिव्हरी चलनाचा फोटो जोडतो. पाहण्यात आलेल्या तक्रारी तडीला गेल्या त्या बहुधा अशाच.

हिशेबातल्या घोटाळ्याने गाजलेल्या सत्यम या आयटी कंपनीच्या एका स्वतंत्र संचालकाला डिसेंबर २००८ मध्ये निनावी ईमेल आला होता; अध्यक्षांचं कबुलीपत्र ७ जानेवारी २००९ चं. सांगणारा होता, आणि त्याने गाठला तो रोजच्या कारभाराबाहेरचा माणूस.

बाहेरची सेवा निर्दोष नाही. सुरुवातीला कँटीन, बस आणि इन्क्रिमेंटच्याच तक्रारी येतात. त्या एचआरकडे वळवाव्यात. करार करण्याआधी रात्रपाळीच्या वेळी स्वतः मराठीत फोन करून बघा, पलीकडचा हिंदीवर घसरतो का ते कळेल. अहवाल थेट ऑडिट कमिटीच्या (हिशेबांवर नजर ठेवणाऱ्या संचालकांच्या समितीच्या) अध्यक्षांकडे, आणि तक्रार त्यांच्याचबद्दल असेल तर दुसऱ्या स्वतंत्र संचालकाकडे जावा, हे करारातच लिहून घ्या. ‘माहितीसाठी’ म्हणून एक प्रत एमडींच्या ऑफिसला जाणार असेल, तर पैसे मोजून तीच पेटी घेतलीत म्हणायचं.

शंभरेक माणसांच्या घरगुती कंपनीला हा खर्च जड वाटू शकतो. तिथे एखाद्या बाहेरच्या संचालकाचा खासगी ईमेल चालून जाईल, फक्त तो माणूस प्रवर्तकांच्या नात्यातला नको. बाकीच्यांनी, मला विचाराल तर, बाहेरचीच सेवा घ्यावी. नंबरचा कागद नोटीस बोर्डावर नको, लॉकर रूममध्ये लावा. आणि कंत्राटी कामगारांनाही तो वापरू द्या. स्क्रॅपची गाडी भरतात तेच.