आडवा पलंग की उभे दोन? मोटरहोम घेणाऱ्या निवृत्त जोडप्यांसाठी

निवृत्तीनंतर मोटरहोम घ्यायचं ठरलं की सुरुवातीचे काही महिने माणूस इंजिन, बॅटरी आणि सोलर पॅनेल यांतच गुंतून राहतो. आमचंही तेच झालं. पलंगाचा विषय अगदी शेवटी निघाला आणि गादी मऊ आहे एवढं पाहून मिटलाही. दोन गाड्यांत मिळून सात वर्षं फिरल्यावर आता वाटतं, सुरुवात पलंगापासून करायला हवी होती. दोघांच्या बिऱ्हाडात दिवसाचे आठ-नऊ तास पलंगावर जातात. शिवाय ओटा कुठे, बाथरूम किती मोठं, गाडी किती लांब, हे सगळं पलंग कसा टाकलाय त्यावरून ठरतं.

मी बोलतोय ते बंद पत्र्याच्या व्हॅनमधून तयार केलेल्या मोटरहोमबद्दल. आमच्या दोन्ही गाड्या तशाच. त्यांत पलंगाच्या दोन मांडण्या नेहमी दिसतात. एक आडवी: मागच्या दारांना लागून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक जोडपलंग. दुसरी उभी: दोन्ही भिंतींना लागून गाडीच्या लांबीत एकेक पलंग आणि मध्ये पाय टाकायला वाट. पहिल्या गाडीत आम्ही तीन वर्षं आडवे झोपलो, दुसरीत चार वर्षं उभे.

आधी आडव्याची बाजू मांडतो, कारण ती बाजू खरोखर भक्कम आहे. आडव्या पलंगाने लांबी वाचते. फियाट ड्युकाटोचं उदाहरण घेऊ, कारण मोटरहोम बनवणारे तीच व्हॅन फार वापरतात. आडवा पलंग, बाथरूम, ओटा आणि पुढची बैठक हे सगळं ५.९९ मीटरमध्ये ऐसपैस बसतं. उभ्या पलंगांसाठी सहसा ६.३६ मीटरची गाडी घ्यावी लागते. ५.९९ मध्येही उभे पलंग बसवतात, पण मग बाथरूममध्ये कोपर आपटतं, नाहीतर ओट्यावर भाजी चिरायला जागा उरत नाही.

हे ३७ सेंटिमीटर कागदावर किरकोळ वाटतात. पण ते कुठे वाढतात ते बघा. दोन्ही लांबींत पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर एकच आहे, ४.०३५ मीटर. म्हणजे वाढलेली सगळी लांबी मागच्या चाकांच्या मागे लोंबते. वळणाला त्रास होत नाही, पण चाक पूर्ण फिरवून बाहेर पडताना शेपूट विरुद्ध बाजूला जास्त झुकतं. फेरीबोटीच्या उतरंडीवर मागचा बंपर टेकेल की काय अशी धास्तीही वाटते. पहिल्या महिन्यात मी एका पार्किंगमध्ये लोखंडी खांबाला मागचा कोपरा लावला. पोचा अजून आहे. त्यानंतर सवय झाली, पण आडव्या पलंगाच्या गाडीत ती सवय करावीच लागली नव्हती.

दुसरं म्हणजे सामान. आडवा पलंग उंच उचलला की खाली आख्ख्या रुंदीची मोकळी कोठी मिळते. मागचं दार उघडून घडीच्या खुर्च्या, टेबल, पाण्याची नळी, सायकलीसुद्धा सरळ आत. उभ्या पलंगांखाली जागा मिळते, पण मधल्या वाटेने तिचे दोन भाग होतात आणि चाकांवरचे फुगवटे त्यातही घुसतात. आमची एक सायकल आता बाहेरच्या रॅकवर असते. मला ते अजूनही आवडत नाही.

आणि तिसरं, जे बोलायला माणसं थोडी संकोचतात. चाळीस वर्षं एका पलंगावर झोपल्यावर वेगवेगळ्या पलंगांवर जाणं मनाला लागतं. दुसरी गाडी बघताना हिने हेच विचारलं होतं, "अहो, म्हणजे आता आपण रेल्वेच्या बर्थवर झोपल्यासारखं झोपायचं का?" मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आता देऊ शकतो, पण त्यासाठी पहिल्या गाडीतल्या रात्री सांगायला हव्यात.

आडव्या पलंगाला तिन्ही बाजूंनी भिंत असते. दोन बाजूंना गाडीच्या भिंती, तिसऱ्या बाजूला मागची दारं. उतरायला एकच कड. त्यामुळे एक जण कडेला झोपतो आणि दुसरा दारांच्या बाजूला अडकतो. मी पहाटे लवकर उठतो म्हणून कडेची जागा माझी झाली आणि ही मागे. दोघांपैकी कोणीही त्याचा फार विचार केला नाही.

वय वाढलं की रात्री लघवीला उठावं लागतं, त्यात वेगळं काही नाही. प्रवासाच्या दिवशी ते आणखी वाढतं. दिवसभर सीटवर बसून पायांत पाणी उतरतं आणि रात्री आडवं झालं की तेच पाणी रक्तात परत येतं, मूत्रपिंडांना काम लागतं. घरी एकदा उठणारी ही गाडीत दोनदा, कधी तीनदा उठायची. आणि दर वेळी मला ओलांडून.

ओलांडणं म्हणजे नेमकं काय, ते गाडी दाखवताना कोणी करून दाखवत नाही. पलंग उंच, डोक्यावर छत जवळ, त्यामुळे नीट बसताही येत नाही. आधी कुशीवर वळायचं, मग हातांवर भार देऊन एक गुडघा माझ्या पायांपलीकडे टाकायचा, पांघरुणात अडकलेली टाच सोडवायची, मग अंधारात पायाने पायरी चाचपायची. परत येताना हेच सगळं उलट, आणि तेव्हा पाय गार. हिचा उजवा गुडघा आधीच दुखरा. एका रात्री त्याच गुडघ्यावर भार पडला आणि तिच्या तोंडून बारीक आवाज निघाला. मी जागा होतो. पण मी जागा आहे हे कळलं तर तिला आणखी अवघड होईल म्हणून डोळे मिटून पडून राहिलो.

पण या रात्रीमुळेही गाडी बदलली नाही. झालं असं की तिसऱ्या वर्षी प्रवासात हिच्या पोटऱ्यांत पहाटे गोळे येऊ लागले. आम्ही मीठ, चप्पल, चालणं, सगळ्याला दोष देऊन झाला. एका संध्याकाळी भांडी विसळताना माझ्या लक्षात आलं की हिचा पाण्याचा पेला दुपारपासून कोरडा आहे. विचारलं तर आधी टाळलं, मग म्हणाली, "चार वाजल्यानंतर मी पाणीच पीत नाही. तुमची झोप मोडते."

ती हे किती महिने करत होती ते मी विचारलं नाही. गोळे त्यामुळेच येत होते असा माझा दावा नाही, ते डॉक्टरांचं काम. पण ज्या गाडीत बायको माझ्या झोपेसाठी तहान मारते, त्या गाडीच्या लांबीरुंदीचं कौतुक मला पुढे करवलं नाही. परत आल्यावर पंधरा दिवसांत आम्ही दुसरी गाडी शोधायला लागलो.

मधला एक उपाय आम्हीही करून पाहिला होता, तो सांगतो, कारण तो सगळ्यांनाच सुचतो. जागांची अदलाबदल. मी दारांच्या बाजूला गेलो. मग ओलांडणारा मी झालो आणि जागी होणारी ती. शिवाय दारांच्या फटींतून येणारा गारवा किती असतो ते मला तेव्हा कळलं. सकाळी दाराच्या पत्र्यावर पाण्याचे थेंब आणि गादीची ती कड ओलसर. तीन वर्षं ही त्या कडेला झोपली होती. आणखी एक गोष्ट लांबीची. ड्युकाटो बाहेरून २.०५ मीटर रुंद, पण आत पत्र्यापासून पत्र्यापर्यंत जास्तीत जास्त १.८७ मीटर. त्यातून इन्सुलेशन आणि फळ्यांची जाडी वजा करा. मर्सिडीज स्प्रिंटर तर आत आणखी अरुंद, सुमारे १.७८ मीटर. माझी उंची १७८ सेंटिमीटर. आमच्या पलंगावर पाय सरळ केले की टाचा या भिंतीला आणि डोकं त्या भिंतीला लागायचं. तुम्ही दोघंही उंचीने बेताचे असाल तर ही अडचण तुम्हाला जाणवणारही नाही.

उभ्या पलंगांत हे सगळं एकदम संपलं. बसायचं, पाय खाली सोडायचे, वाटेवर उभं राहायचं, चार पावलांवर बाथरूम. आम्ही पायरीजवळ हालचालीने लागणारा मिणमिणता दिवा लावलाय, तो दुसऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही. पहिल्या रात्री ही दोनदा उठली असं सकाळी तिनेच सांगितलं. मला कळलंच नव्हतं.

बाकीचे फायदे हळूहळू लक्षात आले. चादर बदलायला आता पलंगावर गुडघे टेकून चढावं लागत नाही, वाटेत उभं राहून दोन मिनिटांत होतं. दुपारी मी वामकुक्षी करतो तेव्हा ही समोरच्या पलंगावर भिंतीला टेकून वाचत बसते. आडव्या पलंगावर एक झोपला की दुसऱ्याला पुढच्या खुर्चीतच जावं लागायचं. पाऊस लागून दोन-दोन दिवस गाडीत काढायची वेळ येते तेव्हा या एका गोष्टीने घरातलं वातावरण राखलं जातं. गाद्या वेगळ्या असल्यामुळे एकाने कूस बदलली तर दुसरा हलत नाही. आणि संध्याकाळी समोरासमोर बसून गप्पा मारायला तेच दोन पलंग दोन बाकं होतात.

बर्थबद्दलच्या तिच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. मधल्या वाटेवर सरकणारी फळी आणि तिच्यावर तिसरी छोटी गादी टाकली की दोन्ही पलंग मिळून मागचा सगळा भाग एकच मोठा पलंग होतो. सुरुवातीचा महिना आम्ही ती रोज टाकली. मग टाकायचं हळूहळू सुटलं. हात लांब केला तर एकमेकांना लागतो आणि तेवढं पुरतं, असं हीच एकदा म्हणाली. मात्र ही फळी-गादी आमच्यासारखी प्रत्येकाला मानवेल असं नाही. जोडाच्या जागी पाठीला उंचवटा लागतो आणि फळी टाकली की उतरायची वाटही पलंगाच्या टोकाकडूनच उरते. तुम्हाला ती रोज टाकायची असेल तर उभ्या पलंगांचा निम्मा फायदा गेलाच.

वजनाचं दोन वाक्यांत सांगतो. बऱ्याच देशांत साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. लांब गाडी रिकामीच थोडी जड असते आणि १०० लिटर पाणी भरलं की १०० किलो तिथेच गेले. म्हणून विकत घेताना गाडी सामानासकट काट्यावर घालून मगच पुढचं ठरवा.

एक बारीक गोष्ट सपाटीची. आडव्या पलंगाला गाडीचा डावा-उजवा कल जाणवतो, कारण डोकं एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला. उभ्या पलंगाला पुढचा-मागचा कल जाणवतो. दोन्हींत चाकांखाली ठोकळे लागतातच. मला मात्र पुढचा-मागचा कल सावरणं सोपं वाटतं. बऱ्याचदा गाडी उलटी तोंड करून लावली तरी भागतं, डोकं उंचावर येतं.

मग आडवा पलंग कोणी घ्यावा? वर्षातून चार-सहा वेळा दोन-दोन रात्रींसाठी जाणार असाल, तीच गाडी गावातही रोज वापरणार असाल, सायकली आतच हव्या असतील, किंवा दोघांपैकी एकाची झोप खरोखर गाढ असेल, तर ३७ सेंटिमीटर वाचवणं शहाणपणाचं आहे. आमचे एक स्नेही दहा वर्षं आडव्या पलंगाच्या गाडीत आनंदाने फिरताहेत. दोघंही रात्री उठत नाहीत. माझ्या अनुभवावरून त्यांना बदला म्हणणं बरोबर होणार नाही. सात मीटरपेक्षा लांब गाडीत तिन्ही बाजूंनी उतरता येणारा मोठा पलंगही मिळतो आणि तो दोन्हींपेक्षा सुखाचा, पण तेवढी गाडी रोज हाताळायची आमची तयारी नव्हती.

पण साठी ओलांडली असेल आणि महिना-महिना बाहेर राहायचं मनात असेल, तर निदान एक करा. गाडी बघायला दोघं मिळून जा. बूट काढून दोघंही पलंगावर झोपा, पडदे लावायला सांगा, दहा मिनिटं पडून राहा. मग आतल्या बाजूच्याने उठून बाथरूमपर्यंत जाऊन परत यावं. नंतर जागा बदलून पुन्हा. विक्रेता बाहेर ताटकळला तरी चालेल. आणि परतताना जोडीदाराला जपून विचारा, कारण "जमेल मला" हे उत्तर फार पटकन येतं.

आमची ती मधली फळी आता नात येते तेव्हाच निघते. सहा वर्षांची आहे ती, तिला आम्हा दोघांच्या मध्येच झोपायचं असतं. ती असते तेवढ्या रात्री आम्ही दोघंही टोकाकडून सरकत उतरतो. एरवी फळी पलंगाखाली असते आणि तिच्या जागी, हिच्या उशाशी, झाकणाची पाण्याची बाटली. सकाळपर्यंत ती अर्धी झालेली असते.