ठाणे स्टेशन: गाड्या भरपूर, पण जिने कमी पडतात

सेंट्रलवर, म्हणजे मध्य रेल्वेवर, रोज फिरणाऱ्याला सगळ्यात कामाचं स्टेशन कुठलं विचाराल तर मी ठाणे म्हणेन, दादरच्याही आधी. आणि ते १८५३ मुळे नाही बरं का. १६ एप्रिलला बोरीबंदरहून साहिब, सिंध, सुलतान या तीन इंजिनांनी १४ डबे ओढत ठाण्याला आणले हे आपण सगळे शाळेपासून ऐकतोय, अभिमान आहेच, पण पुढच्याच वर्षी खाडीवर पूल होऊन लाइन कल्याणला पोचली आणि ठाणे मधलं स्टेशन झालं. तेव्हापासून त्याची किंमत इथून कुठे कुठे जाता येतं यावरच ठरत आलीये.

त्या हिशोबाने माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट झाली नोव्हेंबर २००४ मध्ये, ट्रान्स हार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी लाइन. त्याआधी ठाण्याहून वाशीला रेल्वेने जायचं म्हणजे उलटं कुर्ल्याला जा, तिथे हार्बर पकडा, नाहीतर सरळ बस. आता ९-१० नंबर प्लॅटफॉर्मला जायचं, वाशी किंवा पनवेल गाडीत बसायचं आणि ऐरोली, रबाळे, घणसोली एकामागून एक येतात, जानेवारी २०२४ पासून मधे दिघा गाव पण झालंय. या एका लाइनने ठाण्याची सकाळच बदलली, पूर्वी सगळा लोंढा मुंबईकडे जायचा, आता कल्याण-डोंबिवलीहून आलेली निम्मी गाडी इथे उतरून नवी मुंबईकडे वळते की काय असं वाटतं. मध्य रेल्वेची पहिली एसी लोकल पण २०२० ला याच लाइनवर आली होती, तिथे काही टिकली नाही, नंतर मेन लाइनवर गेली. मे २०२२ मध्ये एसीचं कमीत कमी तिकीट ६५ वरून ३० रुपये केलं तेव्हा कुठे लोक खरंच चढायला लागले, आता तर पीक अवरला तिथेही दार लागायला वेळ लागतो.

ठाणे लोकल ही इथली दुसरी मोठी सोय. गाडी इथूनच सुटते म्हणजे बसायला मिळायची आशा असते, फक्त मुलुंडवाले रिटर्न मारून, म्हणजे त्याच गाडीने उलटे ठाण्याला येऊन, आधीच विंडो धरून बसलेले असतात, त्यामुळे गाडी थांबायच्या आत चढणाऱ्यांची जी झुंबड उडते ती बघून भीती वाटते. कृपया असं करू नका, एक गाडी गेली तर जाऊ दे.

फास्टचं म्हणाल तर पारसिकचा बोगदा गेला याचं मला अजून वाईट वाटतं. १९१६ चा तो बोगदा, सव्वा किलोमीटरच्या वर लांब, कळवा सोडलं की गाडी काळोखात शिरायची, कानात एकदम आवाज भरायचा आणि दारातली पोरं ओरडायची. फेब्रुवारी २०२२ ला ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन चालू झाली तेव्हा बोगदा मेल-एक्स्प्रेसला दिला आणि फास्ट लोकल मुंब्र्याकडून जायला लागल्या. निर्णय बरोबरच आहे, लोकलच्या मार्गात मेल गाड्या आडव्या येणं कमी झालं, सवय मात्र मोडली.

आता जिथे मार्क कापतोय ते सांगतो. ५ नंबर प्लॅटफॉर्म इतका अरुंद होता की कल्याण फास्ट लागली की उतरणारे आणि चढणारे एकमेकांच्या अंगावरच यायचे. २०२४ च्या मे अखेरीला ६३ तासांचा ब्लॉक घेऊन रूळ सरकवून तो रुंद केला, त्या तीन दिवसांत हाल झाले लोकांचे पण काम झालं आणि फरक दिसतोय, निदान उभं राहायला तरी जागा आहे. पण ती सगळी माणसं शेवटी चढणार त्याच जिन्यांवर ना! दोन फास्ट एकदम आल्या की पुलावर मुंगीच्या पावलाने सरकावं लागतं आणि ट्रान्स हार्बरहून येणारे उलट दिशेने घुसतात, म्हातारी माणसं तर कठड्याला धरून गर्दी ओसरायची वाट बघतात. बाहेर वेस्टला सॅटिसवर, म्हणजे स्टेशनला जोडलेल्या उंच बस-पुलावर, टीएमटी (ठाणे पालिकेची बस) वरच्या वर मिळते ते छानच केलंय.

नवीन माणसाला एवढंच सांगेन, ट्रान्स हार्बर पकडायची असेल तर बदलायला दहा मिनिटं हातात ठेवा आणि तिकीट आधीच मोबाइलवर काढून या. ५ पैकी ४ स्टार, उरलेला एक पूल रुंद झाले की देईन.